परत आलेला खरवस

आमची मोगरा म्हैस व्याली त्या दुपारी घरातल्या दोन शहाण्या बायकांपैकी एकच घरी होती. सगळा घोळ तिथंच झाला.

पहिली शहाणी म्हणजे माझी आई, लताबाई. तिच्या हातचा खरवस खाल्ल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणाची म्हैस व्याली असं धरत नाहीत, मग म्हैस कुणाचीही असो. दुसरी माझी बायको शर्वरी. ती प्रथिनांची अभियंता आहे, म्हणजे निसर्गात नसलेली प्रथिनं आखते आणि बांधून घेते. आई मात्र गावभर सांगते, "सून म्हशींची डॉक्टर हाय." शर्वरीनं सुरुवातीला दुरुस्ती करून पाहिली, मग नाद सोडला. पण ते ऐकलं की अजूनही तिच्या कपाळावर एक आठी उमटते.

आणि मी धैर्यशील. नाव ठेवणाऱ्यांनी जरा घाई केली. या दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या की मला आमच्या दूध संकलन केंद्रावरचं एखादं तातडीचं काम हमखास आठवतं.

त्या वर्षी आमच्या तालुक्यात लहान मुलांना हगवण लागली. हगवण काही नवी नाही, पण ही निराळी होती. साध्या पडशालाही आपण अँटिबायोटिक गिळली, कोंबड्यांना खाद्यातून चारली, आणि त्या औषधांवर पोसून जंतू निबर झाले. आता कुठलीच गोळी लागू पडत नव्हती. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉ. मुल्लांकडे सलाईन होतं आणि धीर होता, बाकी काही नव्हतं. भरती झालेल्या मुलांत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दीपालीची ओवी होती. दोन वर्षांची पोर, एरवी दिवसातून दहा वेळा आमच्या उंबऱ्यावर. शर्वरीला "शव्वीकाकू" म्हणायची. आता तिला कूस वळवायलाही कुणीतरी लागत होतं.

शर्वरीची सगळी आशा मोगरावर होती. कशी, ते तिनं मला केंद्रावर बसून समजावलं होतं. माझ्या धंद्यातली उदाहरणं दिली की माझं डोकं चालतं, हे तिला ठाऊक आहे.

"तू रोज दुधात फॅट मोजतोस, प्रोटीन मोजतोस, साखर मोजतोस," ती म्हणाली. "म्हैस काय, माणूस काय, जंतू काय, सगळे ह्याच सामानाचे. कर्बोदकं म्हणजे साखरेचे रेणू आणि त्यांच्या साखळ्या. त्या जळण म्हणून लागतात, झाडाला तर भिंत म्हणूनही. स्निग्ध पदार्थ साठ्याला आणि पेशीच्या कातड्याला. काम करणारी म्हणजे प्रथिनं. आणि कुठलं प्रथिन कसं बांधायचं हा निरोप असतो न्यूक्लिक आम्लांत. मूळ पोथी म्हणजे डीएनए, आणि त्यातून उतरवून घेतलेली चिठ्ठी म्हणजे आरएनए."

"मग दुधात चिठ्ठ्याही असतात?"

"असतात की. तुझं मशीन मोजत नाही एवढंच."

तिनं एक चिठ्ठी तयार केली होती. तिच्यात निरोप होता एका इवल्याशा प्रतिपिंडाचा, उंटाच्या रक्तात सापडतात त्या जातीच्या. या हगवणीचा जंतू आतड्याला ज्या आकड्यानं धरून बसतो, नेमका तो आकडाच हे प्रथिन पकडून ठेवतं. जंतूला बसायला जागा मिळाली नाही की तो वाहून जातो. चिठ्ठी नुसती टोचली तर शरीर ती लगेच फाडून टाकतं, म्हणून ती चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळायची आणि गाभण म्हशीच्या कासेत सोडायची. कासेतल्या पेशी चिठ्ठी वाचतात, प्रथिन बांधतात, आणि ते चिकात, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दाट दुधात, साठत जातं. चार दिवसांत चिठ्ठी विरून जाते. म्हशीच्या डीएनएला धक्कासुद्धा लागत नाही.

"आणि पोरांच्या पोटात गेल्यावर? जठरात पचून नाही जायचं ते?"

तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. "तिथंच तर माझी सहा वर्षं गेली," ती म्हणाली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. ती ठरावीक तऱ्हेनं स्वतःवर घडी घालते, आणि तिची सगळी करामत त्या घडीत असते. घडी मोडली की माळ तीच राहते, काम संपतं. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही ते यामुळंच. शर्वरीनं आपल्या प्रथिनाची घडी इतकी घट्ट बसवली होती की जठरातलं आम्ल आणि पाचकरस दोन्ही पचवून ते आतड्यापर्यंत पोचावं.

शर्वरीच्या संशोधन संस्थेच्या गोठ्यातल्या म्हशींना अजून अवकाश होता, मोगराचे दिवस भरत आले होते. साथ बघून अशा चाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीनं तातडीची परवानगी दिली, आणि शर्वरीनं चिठ्ठी मोगराच्या कासेत सोडली. सगळा जोर पहिल्या चिकात असणार होता. पुढच्या धारांत प्रथिन झपाट्यानं कमी होत जाणार. म्हैस व्याली की चीक काढायचा, गार ठेवायचा, संस्थेची थंड पेटी ड्रोननं येईल तीत भरायचा. शर्वरीनं आईला हे दोनदा सांगितलं आणि ती ओवीच्या उशाशी रुग्णालयात जाऊन बसली.

मोगरानं मात्र कुणाचंच वेळापत्रक बघितलं नाही. आठवडाभर आधीच व्याली, आणि तीही अशा दिवशी की वाऱ्यानं खांब आडवे झालेले, वीज गेलेली, तिच्यामागून मोबाइलचा टॉवर गेलेला. असल्या वाऱ्यात ड्रोन कुठला उडतोय.

मी केंद्रावरचं दूध डिझेलच्या जनरेटरवर वाचवत होतो. संध्याकाळी घरी आलो तर ओळखीचा वास आला, वेलदोडा आणि जायफळाचा.

स्वयंपाकघरात ओट्यावर मोठी दोन पातेली होती. एकात अर्धा खरवस थरथरत होता. दुसरं रिकामं.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलंस म्हंजे?" आईनं पदरानं हात पुसले. "गार ठेव म्हणून सांगून गेली. गार कशात ठेवू? फ्रीज बंद. फोन लागंना. तिन्हीसांजेला नासून गेला असता सगळा. नासल्यालं औषध लेकरांला देणार व्हतात? म्हणून उकडला. उकडल्याला टिकतोय."

"आणि हे पातेलं रिकामं कसं?"

"वाटला की गल्लीत. चीक वाटल्याबिगर घरात खात्यात व्हय? पन निम्मा ठेवलाय तिच्यासाठी."

आईला रागवावं तर तिनं चीक वाचवलाच होता, तिच्या परीनं. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या असाच वाचवतात. पण मला ते उकडलेलं अंडं आठवत होतं. मी तशीच गाडी काढली आणि तालुक्याला गेलो.

शर्वरीनं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त ओवीच्या सुकलेल्या ओठांकडं पाहिलं, मग डॉ. मुल्लांकडं.

"किती वेळ आहे?"

"ओवीला? उद्याचा दिवस सलाईनवर निघेल. परवाचं मी सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. खोटा धीर देणं त्यांच्या स्वभावात नाही.

घरी आल्यावर शर्वरी सरळ पातेल्यापाशी गेली. तिच्याकडं तपासणीच्या कागदी पट्ट्या होत्या. पट्टीवर जंतूच्या आकड्याचा तुकडा लावलेला. प्रथिन शाबूत असलं तर ते त्याला धरणार आणि निळी रेघ उमटणार. तिनं आधी मोगराची ताजी धार तपासली. रेघ होती, पण इतकी पुसट की कंदिलाजवळ नेऊन शोधावी लागली. आजारी मुलांना तेवढ्यानं काही झालं नसतं. मग तिनं खरवसाचा तुकडा मिठाच्या पाण्यात कुस्करला, गाळला, पट्टी बुडवली.

रेघ आली नाही.

आई दारात उभी राहून बघत होती. तिला पट्टीतलं कळत नव्हतं, सुनेच्या खांद्यांतलं कळत होतं. "माझं चुकलं गं," ती म्हणाली. माझ्या आईच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

शर्वरी वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिचं लक्ष दुसरीकडंच होतं. "आई, गूळ किती घातलात?"

"आता गूळ काढतीयास व्हय? माझा हात सैल हाय गुळाला, सगळ्यांस्नी ठावं हाय. ह्याच्या बाला साखर झाली ती काय माझ्या खरवसानं न्हाई."

"तसं नाही हो. आणि शिजवला कशात? कुकरात?"

"कुकरात?" आईला माफी मागितल्याचा तेवढ्यात विसर पडला. "खरवस काय रबर करायचाय? पातेल्यात पानी, वर भांडं, झाकनाला फडकं, आन जाळ बारीक."

शर्वरी ओट्यापाशी बसली आणि बोलू लागली, आमच्याशी कमी, स्वतःशी जास्त. हे इवलं प्रथिन एकटं असतं तर तापवल्यावर उलगडतं आणि गार झालं की पुन्हा घडी घालतं, एवढं तिला माहीत होतं. चिकात ते एकटं नसतं. तिथं दुसऱ्या प्रथिनांची तुडुंब गर्दी असते. सगळी उलगडतात, एकमेकांत अडकतात, त्यांचं जाळं होतं आणि त्यात पाणी धरून राहतं. त्यालाच आपण खरवस म्हणतो. त्या गुंत्यात तिच्या प्रथिनाचं काय होतं हे कुणीच तपासलेलं नव्हतं. पण जाळ मंद होता. गुळातली साखर असली की प्रथिनाची घडी सहजासहजी सुटत नाही. कदाचित प्रथिन मोडलेलंच नसेल.

"मग रेघ का आली नाही?" मी विचारलं.

"बाहेरच आलं नसेल." ती एकदम उठली. "जाळ्यात कोंडलंय ते. मीठपाण्यानं जाळं सुटत नाही. पोटात गेल्यावर सुटेल. धैर्यशील, तुझं ते जेवल्यावर ढेकर येण्याचं पाचक कुठंय?"

माझ्या बायकोनं सहा वर्षांच्या संशोधनाची परीक्षा माझ्या पाचकाच्या बाटलीवर घेतली, हे मी सगळ्यांना सांगतो. त्यात पेप्सिन असतं, जठरातलं प्रथिनं तोडणारं प्रथिन. तिनं काचेच्या नळीत बाटलीतलं थोडं घेतलं, लिंबू पिळलं, खरवस कुस्करला आणि नळी बंद केली. आता ती अंगाइतक्या उबेत ठेवायला हवी होती, आणि तिचं उबेचं यंत्र विजेवाचून पडून होतं.

"ऊबच पाहिजे न्हवं? दे हिकडं," आई म्हणाली. तिनं नळी घेतली, काखेत धरली, वरून पदर लपेटला आणि पाटावर बसून राहिली. मधे मोगरा हंबरली तरी उठली नाही. एरवी मोगरासाठी ती देवपूजाही सोडते.

बराच वेळ गेला. शर्वरीनं नळी घेतली, पट्टी बुडवली. आम्ही तिघं त्या कागदावर वाकलो.

रेघ उमटली. निळी, ठसठशीत, शोधावी न लागणारी.

शर्वरी नाचली वगैरे नाही. तिनं केंद्रातल्या साध्या दुधाचा नासवून गोळा केला आणि त्यावर तेच सगळं पुन्हा केलं, ती नळीही आईच्याच काखेत. त्यात रेघ आली नाही, म्हणजे पहिली रेघ पाचकाची किंवा लिंबाची नव्हती. तेव्हा कुठं तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. माझी छाती फुगली होती आणि मला ते लपवायचंही नव्हतं. रेघ आली म्हणून नव्हे. हाती आलेलं यश तिनं आधी खोटं पाडून पाहिलं म्हणून.

मग तिनं वजन केलं, हिशेब केला, आणि चेहरा पुन्हा उतरला. उरलेला खरवस भरती असलेल्या निम्म्या मुलांना पुरेल. बाकीचा गल्लीत, वाट्यावाट्यांनी.

"केंद्राच्या स्पीकरवरून सांगतो," मी म्हणालो.

"काय नको." आई पाटावरून उठली. तिनं पातेलं घेतलं. "दिल्यालं परत मागायचं तर भोंग्यावरनं मागत्यात व्हय? मी दिलंय, मीच जानार."

दिलेली वस्तू परत मागणं आमच्या गल्लीत फार हलकं समजतात. माझी आई तर भाऊबंदकीत गेलेलं शेतही "गेलं तर गेलं" म्हणून मोकळी झालेली बाई. ती सकाळी उजाडताच प्रत्येक दारात उभी राहिली आणि मान वर करून एकच वाक्य म्हणाली, "माझ्या सुनेचं औषध हाय त्यात, ओवीला आन बाकीच्या पोरांस्नी पाहिजे, उरलं असंल तर द्या."

आमच्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत. कुणी वाटीभर काही दिलं की परत देताना तीत साखर, शेंगा, निदान चार तांदळाचे दाणे तरी घालायचे. त्या सकाळी वाट्या खरवसानं भरून परत आल्या. कुणी न मोडलेल्या वड्या दिल्या, कुणी नातवाच्या ताटातली काढून आणली. त्या उष्ट्या वड्या शर्वरीनं बाजूला काढल्या, पण देणाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणाली नाही. पैलवान शिवगोंडा पाटील तेवढे हात जोडून उभे राहिले, "लतावहिनी, म्या सगळा खाल्ला. मला म्हाईत नव्हतं." वर त्यांनी आपल्या व्यायला आलेल्या म्हशीचा चीक देऊ केला. आई म्हणाली, "त्यात चिठ्ठी न्हाई, भावजी." मी शर्वरीकडं पाहिलं. तिच्या कपाळावर आठी नव्हती.

सगळा खरवस घेऊन आम्ही रुग्णालय गाठलं; तिथं फोन लागत होता. समितीच्या अध्यक्षबाई कडक होत्या, आणि असायलाच हव्या होत्या. "परवानगी कच्च्या चिकाची होती. उकडलेल्या पदार्थाच्या सुरक्षिततेचा तुमच्याकडे काय पुरावा?"

"मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?" शर्वरीनं विचारलं.

"कऱ्हाडची. का?"

"मग खरवस तुम्ही खाल्लाय."

एवढं म्हणून शर्वरी लगेच पुढं बोलली, "प्रथिन परवानगी मिळालेलंच आहे. घडी शाबूत आहे एवढंच पट्टीवर दिसतंय. पुरावा पुरेसा नाही, हे मीच सांगते. वर्षावरच्या मुलांना, आईवडिलांच्या संमतीनं, सलाईन न थांबवता द्यायचं म्हणते. प्रत्येक मुलाची नोंद डॉ. मुल्ला ठेवतील."

बाईंनी डॉक्टरांशी बोलून होकार दिला.

दीपालीनं कागदावर सही करण्याआधी एकच विचारलं, "वहिनी, तुमचं स्वतःचं लेकरू असतं तर दिलं असतंत?"

शर्वरीनं ओवीच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "दिलं असतं. आणि तुझ्यासारखीच घाबरले असते."

दीपालीनं सही केली आणि आईकडं वळली. "आत्याबाई, तुमच्या हातानं भरवा तिला."

ओवीनं दोन दिवस चमचा दिसला की तोंड फिरवलं होतं. आईनं खरवसाचा नखाएवढा तुकडा तिच्या ओठाला लावला. वेलदोड्याचा वास गेला असावा. पोरीनं डोळे न उघडता तोंड उघडलं.

लगेच काही झालं नाही. त्या दिवशी तसंच, रात्री तसंच. डॉक्टरांनी परवाचं सांगत नाही म्हटलं होतं; त्या परवाच्या सकाळी ओवीनं पाणी मागितलं, आणि दुपारी सलाईनची सुई काढा म्हणून भोकाड पसरलं. डॉ. मुल्ला बाहेर व्हरांड्यात आले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "इतकं गोड रडणं मी या महिन्यात ऐकलं नव्हतं." बाकीची मुलंही एकेक करून सावरली. एक मात्र सहा महिन्यांचं होतं, त्याला देता आला नाही. त्याला शहरात हलवावं लागलं, आणि ते वाचल्याचा निरोप येईपर्यंत शर्वरी नीट जेवली नाही.

पुढं संस्थेची मंडळी घरी आली, आता वीजही होती आणि ड्रोनही उडत होते. त्यांना उकडण्याची पद्धत हवी होती, कारण थंड पेटीवाचून टिकणारं औषध कुठल्याही वाडीवस्तीवर पोचवता येतं. त्यातल्या एका साहेबांनी आईला नमस्कार करून विचारलं, "म्हणजे हे औषध तुम्ही केलंत?"

"मी न्हाई," आई म्हणाली. "औषध माझ्या सुनेनं केलंय. ती म्हशींची डॉक्टर न्हवं, प्रथिनांची अभियंता हाय. मी नुसता गूळ घातला."

शर्वरीनं केंद्रावरचा तराजू आणला होता. "तो किती घातला तेवढं सांगा, आई. माझं काम तिथंच अडलंय."

"अंदाजानं गं."

"मग अंदाज इथं ठेवा."

आईनं डब्यातून गुळाची मूठ भरली आणि तराजूवर उघडली. शर्वरी आकडा बघत होती आणि आई शर्वरीला.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. ओवी होती, एकटी, स्वतःच्या पायांनी आलेली. रुग्णालयातून परत यायची राहिलेली आमची वाटी तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. वाटीत शेंगदाणे होते. निम्मे वाटेत सांडले होते, दाराबाहेर त्यांची रांग दिसत होती. उंबऱ्यापाशी थांबून तिनं साहेबांकडं पाहिलं, मग आईकडं, आणि वाटी शर्वरीपुढं धरली.

"शव्वीकाकू, लिकामी नाय आनली."